हे जवळून वाजतंय

मे महिना होता. मिरजेच्या घराची गच्ची दुपारी पाचनंतरच पाय ठेवण्याजोगी व्हायची, म्हणून पाच ते दिवेलागण एवढाच वेळ मला मिळायचा. दोन जुन्या पाटांवर इलेक्ट्रिक गिटारचं धड आडवं ठेवलेलं, एका हातात हीट गन, दुसऱ्या हातात पुट्टीची पात. काळ्या रंगावर गरम हवा धरली की आधी काहीच होत नाही. मग एकदम एक फोड येतो, पापड भाजताना येतो तसा, आणि त्याच क्षणी पात खाली सरकवली तर बोटभर लांबीचा पापुद्रा सुटून येतो. उशीर झाला तर लाकूड करपतं. पहिल्या दिवशी मी कडेला दोन ठिकाणी करपवलं. ते डाग आजही आहेत.

पापुद्रा उजेडात धरून पाहिला. वर काळा रंग, त्याखाली पांढरट प्रायमर, त्याखाली काचेसारखा कडक, पारदर्शक थर. सगळं मिळून नखापेक्षा जाड. वाकवला की तडकन मोडायचा. खाली लाकूड दिसू लागलं ते तीन फळ्यांचं निघालं. एकीचे रेषे सरळ, दुसरीचे तिरके, तिसरी जरा तांबूस. अकरा वर्षं ही गिटार मी पोटाशी धरून वाजवली होती आणि तिच्या आत काय आहे हे मला पहिल्यांदा कळत होतं. त्या संध्याकाळी मला मनापासून वाटलं की हे लाकूड इतकी वर्षं त्या कवचात गुदमरत होतं.

हे वाटणं माझ्यात कुठून आलं ते मला नीट माहीत आहे. आमचं गाव सतारी-तानपुऱ्यांचं. सतारमेकर गल्लीतून शाळेत जाताना भोपळे टांगलेले दिसायचे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, वाळून हलके झालेले. तूनच्या लाकडाच्या तबल्या, म्हणजे भोपळ्यावर बसणाऱ्या पातळ लाकडी पाट्या, भिंतीला टेकवलेल्या असायच्या. एखादा कारागीर तबलीवर टिचकी मारून कान लावायचा, मग रंध्यानं एक हात फिरवायचा, पुन्हा टिचकी. लहानपणापासून जे पाहिलं ते हे: लाकूड गातं, आणि माणूस त्याला गायला मोकळं करतो. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या घरी पेढे आणले होते, घरात कोणी कारागीर नसताना.

आणि तानपुऱ्याच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. नुसती तार दोन खिळ्यांमध्ये ताणून छेडली तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येणार नाही. इतकी बारीक वस्तू हवेला ढकलणार ती किती? तारेचं कंपन ती जिच्यावर टेकते त्या घोडीतून तबलीत उतरतं, तबली मोठी असते, तिच्या मागं भोपळ्यातली हवा असते, आणि ती सगळी मिळून आपल्या कानापर्यंत येतात. तबली जाड राहिली, तिच्यावर पॉलिशचे थर फार चढले, तर नाद दबतो. म्हणून तिथं लाखेचा चपडा लावतात, स्पिरिटमध्ये विरघळवून, अगदी पातळ. या वाद्यांमध्ये लाकूड आणि त्यावरचा लेप यांना मान आहे तो कमावलेला आहे.

मी तोच मान उचलून इलेक्ट्रिक गिटारला देऊन टाकला होता. जगभर लाखो वादक तेच करतात. त्यांच्याकडे तानपुरा नसला तरी व्हायोलिन आहे, साधी अकूस्टिक गिटार आहे. जाड पॉलिएस्टर रंगामुळे आवाज मरतो, जुन्या नायट्रोसेल्युलोजच्या पातळ रंगात लाकूड श्वास घेतं, अॅशचा आवाज खणखणीत, आल्डरचा गोल, महॉगनीचा उबदार, हे सगळं मला पाठ होतं. मी ते इतरांनाही सांगत असे.

पण इलेक्ट्रिक गिटारला ऐकणारा कान वेगळा आहे. तारांखाली बसवलेलं पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाच्या जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे; फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या पिकअपमध्ये साधारण आठ हजार. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, आणि वेढ्यांमध्ये वीज उमटते. फॅरेडेनं १८३१ साली दाखवलेली गोष्ट, तीच. पिकअपला हवा ऐकू येत नाही. त्याच्यावर नायलॉनची तार ताणून कितीही जीव लावून छेडा, ॲम्प (आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) गप्प राहील. त्याला कळतं ते एवढंच, की पोलादाचा एक तुकडा आपल्यासमोर कसा हलतोय. मग लाकडाला बोलायचं असेल तर एकच वाट उरते: तारेच्या हलण्यात फरक पाडायचा. आणि रंगाला बोलायचं असेल तर त्यानं आधी लाकडाच्या हलण्यात फरक पाडायचा, मग लाकडानं तारेच्या. साडेचार सेंटिमीटर जाडीच्या भरीव फळीवर पाऊण मिलिमीटरचा रंग.

हे गणित मला त्या वेळीही कळत होतं. तरीही खरवडायला घेतलं, कारण कानानं ऐकायचं होतं.

एक गोष्ट मात्र मी नीट केली होती. रंग काढण्याआधी ध्वनिमुद्रण करून ठेवलं होतं. ॲम्पच्या बटणांवर पेन्सिलीच्या खुणा, मायक्रोफोनच्या स्टँडच्या पायांभोवती फरशीवर खडूची वर्तुळं, तीच केबल, तार छेडायचं तेच नखाएवढं जुनं पिक. चार सुरावटी, प्रत्येकी पाच वेळा.

खरवडून झाल्यावर ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग एकशेवीस, दोनशे चाळीस, चारशे. मग चपडा. पॉलिश कसं करायचं ते गल्लीतल्या एका काकांनी शिकवलं. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळायचा, चपड्यात बुडवून पिळायचा, वर तेलाचा एकच थेंब. "बोळा लाकडावर थांबवायचा नाही," ते म्हणाले. "विमान उतरतं तसा येऊ दे आणि तसाच उडू दे. थांबलास की चिकटला." आठाच्या आकड्यात हात फिरवत राहायचं. पहिल्या दिवशी काही दिसत नाही. तिसऱ्या दिवशी लाकडाचे रेषे आतून उजळल्यासारखे दिसायला लागतात. चपडा ही लाखच, पळस-कुसुंबाच्या फांद्यांवर किड्यांनी केलेली. परदेशी गिटारवाले ज्या 'लॅकर'साठी जीव टाकतात तो शब्द मुळात आपल्या लाखेपासूनच गेलेला आहे, जरी त्यांच्या डब्यातलं रसायन वेगळं असलं तरी. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं.

पाच आठवड्यांनी गिटार जोडली, नव्या तारा चढवल्या, पहिला ई मेजर कॉर्ड वाजवला आणि अंगावर काटा आला. मोकळा, भरलेला, समोर येणारा आवाज. मला शंकाच उरली नाही.

ताई त्या वेळी घरी आली होती. ताई गाते, रोज पहाटे तानपुऱ्यावर बसते, आणि तारेला झंकार देणारी जवारी एका धाग्याएवढी सरकली तरी तिला कळतं. मी दोन्ही ध्वनिमुद्रणांतले तुकडे उलटसुलट लावले आणि तिला डोळे मिटून ओळखायला सांगितलं. बारापैकी बारा बरोबर. मी उड्या मारायचा बाकी होतो. तेव्हा ती सहज म्हणाली, "सोपं आहे रे. नवीन जे आहे ना, ते जवळून वाजतंय. जुनं जरा लांबून."

जवळून. रात्री अंथरुणावर पडल्यावर तो शब्द डोक्यात फिरत राहिला. ती मोकळं म्हणाली नव्हती, गोड म्हणाली नव्हती. जवळून.

सकाळी गिटार घेतली, शेवटचा फ्रेट, म्हणजे मानेवरची शेवटची आडवी पट्टी, दाबून तार आणि पिकअपचं चुंबक यांमधलं अंतर मोजलं. दोन मिलिमीटर. गिटार सोडवण्याआधी, स्क्रू कुठला कुठं होता ते विसरू नये म्हणून काढलेले फोटो होते. त्यात पिकअपचं पांढरं झाकण वरच्या प्लास्टिकच्या पातीतून किती वर आलंय ते स्पष्ट दिसत होतं. फोटोसारखं बसवून पुन्हा मोजलं. जवळजवळ चार. जोडताना मी पिकअप दुप्पट जवळ आणून ठेवलं होतं, आणि वर कोऱ्या करकरीत तारा. ताईच्या कानानं ते अंतर अचूक ऐकलं होतं. मीच ते लाकडाच्या नावावर लिहिलं होतं.

स्क्रूड्रायव्हरचे चार-पाच फेरे देऊन पिकअप खाली नेलं. तारा आधीच्या मुद्रणावेळी दीड महिना जुन्या होत्या, म्हणून या ताराही दीड महिना वाजवून जुन्या होऊ दिल्या. मग त्याच खडूच्या खुणांवर सगळं मांडून पुन्हा मुद्रण. ताईला पुढच्या खेपेला ऐकवलं. वीसपैकी अकरा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढेच आले असते. तिनं स्वतःहून सांगितलं की आता ती नुसती अंदाज करतेय.

एक गिटार, एक जोडी कान. याच्यावरून मी जगाला नियम सांगत नाही. पण त्यानंतर मी जे वाचत आणि ऐकत गेलो, ते सगळं या अकरा आकड्याशी जुळत गेलं.

इतिहासच बघा. बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार, रिकनबॅकरचं 'फ्राइंग पॅन', १९३२च्या सुमारास आलं; ते ओतीव ॲल्युमिनियमचं होतं. लाकूड नावालाही नाही. लेस पॉल या गिटारवादकानं १९४०च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये चार इंच बाय चार इंचांचा पाइनचा ओंडका घेतला, त्यावर तारा आणि पिकअप बसवलं. लोकांना ते रूप रुचेना, तेव्हा त्यानं एक गिटार मधोमध कापून तिच्या दोन कुशी ओंडक्याला दोन्ही बाजूंनी जोडल्या. मग लोकांना ते आवडलं. आवाज त्या ओंडक्यावरच्या तारांचाच होता. कुशी डोळ्यांसाठी होत्या.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला लिओ फेंडर गिटारी बनवत होता. त्याचे १९४९चे नमुने पाइनचे होते, १९५०-५१ला बाजारात आलेल्या गिटारी अॅशच्या, स्ट्रॅटोकास्टर १९५४ची, तीही आधी अॅशची. १९५६मध्ये बहुतेक गिटारी आल्डरवर गेल्या. यामागे काही नादविचार असेल असं मी अनेक वर्षं समजत होतो. अॅशचे रेषे उघडे असतात, रंगाआधी त्यांत भराव घालावा लागतो, घासावं लागतं, वेळ जातो. आल्डरची रंध्रं बंद, रंग पटकन बसतो, लाकूड स्वस्त आणि मुबलक. म्हणजे ज्या लाकडाच्या 'गोल' आवाजावर पुढं पन्नास वर्षं चर्चा झाली, ते लाकूड मुख्यतः रंगकामाच्या सोयीनं आलं. ज्या गिटारींना पिवळसर, आरपार दिसणारा रंग द्यायचा त्या मात्र अॅशच्याच राहिल्या, कारण तिथं रेषे दिसायला हवे होते.

आणि तो रंग कुठला? ड्यूपाँटचा ड्युको. आपल्याकडे गॅरेजवाले आणि फर्निचरवाले अजूनही स्प्रेच्या रंगाला 'ड्युको मारला' म्हणतात तोच शब्द. फेंडरच्या प्रसिद्ध रंगांपैकी फिएस्टा रेड हा १९५६च्या फोर्ड थंडरबर्डचा. मोटारींसाठी बनलेला रंग, लवकर वाळतो म्हणून गिटारीला लागला. साठच्या दशकात फुलर्टनला त्या नायट्रोच्या खाली फुलरप्लास्ट नावाचा कडक थरही मारायला लागले, नायट्रोच्या पातळकानं न विरघळणारा. श्वास घेणारं म्हणून ज्या जुन्या लाकडाचं कौतुक होतं, त्यातलं बरंच या थराखाली झाकलेलं आहे.

नायट्रोच्या गिटारी सुंदर दिसतात, हे मी आनंदानं मान्य करतो. तो रंग पिवळा पडत जातो, थंडीत त्यावर बारीक भेगांचं जाळं येतं, जिथं हात टेकतो तिथं तो झिजून लाकूड उघडं पडतं. आयरिश वादक रॉरी गॅलघरची १९६१ची स्ट्रॅटोकास्टर त्याच्या घामानं रंग गमावून बसली, आणि ती पाहिली की एका माणसाचं सगळं आयुष्य समोर दिसतं. पण हे सगळं डोळ्याला आणि हाताला मिळणारं सुख आहे. त्याची किंमत मोजायची तर त्याच नावानं मोजावी.

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या ब्रायन मेची गिटार मला या सगळ्यांत फार जवळची वाटते. १९६३ साली शाळकरी वयात त्यानं आणि त्याच्या वडिलांनी ती घरी बनवायला घेतली. नेकसाठी, म्हणजे मानेसाठी, जुन्या शेकोटीची महॉगनीची चौकट, तिच्यात वाळवीसारख्या किड्यांनी केलेली भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवलेली. धडाला जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड. ब्लॉकबोर्ड म्हणजे आपण कपाटाच्या दारांना वापरतो तो. जगानं ओळखीचा मानलेला आवाज त्यातून आला, कारण पिकअप कोणतं, ती एकमेकांशी कशी जोडायची, ॲम्प कुठला, आणि मुख्य म्हणजे वाजवायचं काय, याचा विचार त्या मुलानं केला होता. ज्या गायकामागे ती गिटार वाजली तो फ्रेडी मर्क्युरी आमच्याच बाजूच्या पाचगणीच्या शाळेत शिकून गेलेला.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या एका वादकानं याच्याही पुढची पायरी गाठली. दोन कामाच्या टेबलांमध्ये मोकळ्या हवेत तारा ताणल्या, खाली आपल्या गिटारसारखं पिकअप तेवढ्याच अंतरावर ठेवलं आणि वाजवलं. गिटार नाहीच. आवाज जवळजवळ तोच. मी ते डोळे मिटून दहा वेळा ऐकलंय.

मग वादकांना फरक जाणवतो तो खोटा का? मला तसं म्हणवत नाही. गिटार पोटाला टेकलेली असते, उजवा हात तिच्या कडेवर असतो, नेक डाव्या तळव्यात असते. हलक्या लाकडाची गिटार बरगडीत थरथरते, जड गिटार गप्प असते. ॲम्प बंद ठेवून वाजवली तर दोघींचा आवाज खरोखरच वेगळा येतो. हे सगळं वाजवणाऱ्याच्या अंगाला कळतं, आणि त्यानं तो वेगळं वाजवतो. ताईसारखा ऐकणारा समोर बसला की त्याच्यापर्यंत यातलं फार थोडं पोचतं. जुन्या, मेण न भरलेल्या पिकअपांची गोष्ट थोडी निराळी. ॲम्प चालू ठेवून गिटारीच्या धडावर बोटाच्या पेरानं ठोका. स्पीकरमधून टकटक आली तर ते पिकअप लाकडाचं थोडंफार ऐकतंय. माझ्या गिटारीत अगदी पुसट येते.

मला या विषयाची तळमळ आहे ती दुकानात उभ्या असलेल्या मुलांसाठी. शिकवण्या घेऊन, सुट्टीत काम करून पैसे जमवलेला मुलगा मला फोन करतो आणि विचारतो, महॉगनीची घेऊ की बासवुडची, पॉली फिनिश चालेल का. त्याच्या पैशाला जिथं खरा आवाज मिळतो त्या जागा दुसऱ्याच असतात: फ्रेट समतल आहेत का, मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या नटच्या खाचा नीट कापल्यात का, पिकअप कुठलं आणि किती उंचीवर, आवाजाचं बटण अडीचशे किलोओहमचं की पाचशेचं, आणि सगळ्यात जास्त, ॲम्पचा स्पीकर. साधी केबल तीन मीटरऐवजी दहा मीटरची लावली तरी वरचा चकाकीचा भाग खाल्ला जातो, आणि तो फरक कुठल्याही रंगाच्या थरापेक्षा ठळक ऐकू येतो. त्या मुलाला 'टोनवुड', म्हणजे सुरेल लाकूड, म्हणून पंधरा हजार जास्त मोजायला लावणं मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

आणि दुसरी तळमळ शिसवीसाठी. ब्राझीलची शिसव तोडून तोडून संपत आली आणि १९९२ साली तिच्या व्यापारावर सर्वांत कडक आंतरराष्ट्रीय बंधन आलं. त्याच्या कितीतरी आधीपासून जगाच्या फिंगरबोर्डांना, म्हणजे बोटं दाबायच्या मानेवरच्या पट्ट्यांना, आपली शिसव लागायला लागली होती, सह्याद्रीत आणि दक्षिणेत वाढणारी, हळूहळू वाढणारी. २०१७मध्ये तिच्या सगळ्या जातकुळीवर परवान्याची अट आली. तयार वाद्यांना २०१९च्या शेवटी सूट मिळाली. आजीच्या घरातला शिसवी पलंग मी पाहिलाय, त्या लाकडाचा काळाभोर थंड स्पर्श मला ठाऊक आहे. ते झाड एखाद्या तानपुऱ्याच्या घोडीखाली गेलं तर माझी ना नाही. पण फिंगरबोर्डवर ते 'उबदार' वाजतं या समजुतीपायी ते तोडलं जाऊ नये.

तरी लाकूड पूर्ण मुकं आहे असं मी म्हणत नाही. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या मानफ्रेड त्सोलनर यांनी गिटारच्या भौतिकीवर अनेक वर्षं काम करून धडाच्या लाकडाला फारच छोटी जागा दिली. पण म्युनिकमध्ये हेल्मुट फ्लायशर यांनी १९९०च्या दशकात नेक मोजल्या, आणि तिथं लाकूड सापडलं. नेक लांब, बारीक, एका टोकाला मोकळी; ती स्वतःच्या काही ठरावीक वारंवारतांवर सहज हलते. एखाद्या फ्रेटवरचा सूर नेमका त्या वारंवारतेवर पडला की तारेतली ऊर्जा नेक पिऊन टाकते आणि सूर लवकर विझतो. वादक त्याला 'डेड स्पॉट' म्हणतात. कुठं पडेल ते त्या एका लाकडाच्या तुकड्यावर, त्याच्या ताठपणावर आणि वजनावर ठरतं. झाडाच्या जातीचं नाव वाचून ते कळत नाही.

माझ्या गिटारीत तो तिसऱ्या तारेवर बाराव्या फ्रेटवर आहे. रंग खरवडण्याआधीही तिथंच होता, नंतरही तिथंच. शेजारचे सूर दहा-दहा सेकंद टिकतात, हा चार सेकंदांत जातो. मागच्या दिवाळीत ताई आणि तिचा मुलगा घरी आले होते. तो चौदा वर्षांचा आहे, नुकतीच गिटार धरलीय, आणि तोही विचारत होता, मामा, कुठलं लाकूड घेऊ. मी त्याला बाराव्या फ्रेटवर बोट ठेवायला सांगितलं. सूर लागला आणि विझला. मग सुताराचा छोटा सी-क्लॅम्प आणला, कापडाची घडी मधे घालून गिटारीच्या डोक्याला, खुंट्यांच्या मधोमध आवळला. "आता परत छेड."

सूर लागला. तो थांबला, कान पुढं केला. सूर चालूच होता. ताईनं स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. मग त्यानं एकेक फ्रेट खाली सरकत प्रत्येक सूर छेडला, आणि दहाव्यावर आल्यावर ओरडला, "मामा, आता हा मेला!"